चप्पल वापरण्याची रीतसर पद्धत

चप्पल पायात घालणं हा तिचा सगळ्यात फालतू उपयोग. तो कुणालाही जमतो. जालना जिल्ह्यात नव्यानं राहायला आलेल्यानं आधी आपल्या जागी चप्पल उभी करायला शिकावं.

मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राबाहेर हे शिक्षण फुकट मिळतं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली, ती इथंच. जालना म्हणजे बियाण्याचं गाव. तरी चालत्या वाणाची पिशवी हवी असेल तर शटर उघडायच्या आत नंबर लागलेला पाहिजे. पहाटे यावं, चप्पल शटरकडे तोंड करून ठेवावी आणि चहाला जावं. नंबराला एकच पुरते. दुसरी काकाच्या नावानं लावावी. नवी कोरी चप्पल ठेवू नये, नंबर राहील आणि चप्पल जाईल. फारच झिजलेलीही नको, कुणीतरी टाकून दिली असं समजून लोक ती पायानं बाजूला सारतात. पट्टा तुटून सेफ्टी पिन लावलेली सर्वोत्तम. तिला मालक आहे हे दुरून कळतं आणि चोराला मोह होत नाही. शटर हललं की मात्र धावत येऊन आपल्या चपलेत शिरावं. रांग सरळ असते ती तोपर्यंतच, कारण चपला एकमेकींना ढकलत नाहीत.

आंदोलनाची चप्पल वेगळी. जालन्याच्या गांधी चमन चौकात फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याला जोडे मारायचे असतील तर रबरी स्लीपर घ्यावी. आवाज मोठा येतो. कॅमेरा आल्याशिवाय हात उचलू नये. या प्रकाराला कमी समजू नका: मालवणचा शिवरायांचा पुतळा कोसळल्यावर 1 सप्टेंबर 2024 रोजी महाविकास आघाडीनं मुंबईत हुतात्मा चौकापासून गेटवेपर्यंत ‘जोडे मारो’ याच नावाचा मोर्चा काढला होता. फक्त फोटोत आपला चेहरा फार ठळक येऊ देऊ नये. पुढच्या निवडणुकीत युती त्याच पुढाऱ्याशी व्हायची.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेल्यास एक चप्पल एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला काढावी. चोराला जोडी जुळत नाही. आपल्यालाही जुळत नाही, ही या पद्धतीतली उणीव. नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला अनवाणी जाणारे या बाबतीत सुखी.

राहिलं लग्न. करवल्या नवरदेवाचे बूट पळवतात आणि सोडवायचा दर दरवर्षी वाढतो. वरपक्षानं मित्राच्या पिशवीत जादा जोड ठेवावा. वधूपक्षाला मात्र वेगळी सूचना आहे. 1608 साली घनसावंगी तालुक्यातल्या जांबला जन्मलेले नारायण ठोसर, म्हणजेच पुढचे समर्थ रामदास, ‘सावधान’ ऐकताच मांडवातून पळाले अशी आख्यायिका आहे. तेव्हा या जिल्ह्यात तरी बूट मंगलाष्टकांची वाट न पाहता, मुंडावळ्या बांधायच्या आधीच ताब्यात घ्यावेत.