रथचक्र चौकातले नाखवा

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ८० किलोमीटरवर असतो. त्याच्याकडे पाठ फिरवून ती सुमारे १,४६५ किलोमीटरची पायपीट करते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र शेजारी असूनही तिकडे न जाण्याची ही नाशिकची जुनी परंपरा इंदिरानगरात नाखवाकाका निष्ठेने चालवतात.

‘नाखवा’ हे नाव सोसायटीने ठेवलेलं. काका सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झाले. असा निवृत्त माणूस हल्ली दर बिल्डिंगमागे एक तरी असतोच. कुणाचा जीव नर्मदा परिक्रमेत अडकलेला, कुणाचा लडाखमध्ये. काकांचा कॅटमरानमध्ये. बहामा, ग्रेनाडाइन्स, ताहिती ही गावं ते पाथर्डी फाट्याच्या पुढची असल्यासारखी सांगतात. पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गार झुळूक आली की थांबून म्हणतात, “मतलई सुटला!” मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. जाऊ दे बापडा, निदान तो तरी जातो.

कॅटमरानच का, हे विचारायची सोय नाही. पण विचारलंच, तर चहा दोनदा होतो. तिला दोन बुडं असतात, म्हणून ती एका बुडाच्या शिडाच्या होडीसारखी कलत नाही. टेबलावरचा कप टेबलावरच राहतो. तिला पाणी लागतं साधारण मीटरभर, म्हणून बेटाच्या अगदी कडेला जाऊन नांगर टाकता येतो. “या हिशेबाने पावसाळ्यात आपल्या गल्लीतही टाकता येईल,” असं मी एकदा म्हणालो, तर काकांनी ते गंभीरपणे घेतलं. रचना त्यांना विशेष पटलेली आहे. एका बुडात सासू, दुसऱ्यात सून, मधल्या पुलावर सामायिक स्वयंपाकघर. एवढी समंजस वास्तू इंदिरानगरात एकाही बिल्डरने बांधलेली नाही. एकदा पूर्ण उलटली तर ती आपसूक सुलट होत नाही, हा तपशील मात्र ते काकूंसमोर काढत नाहीत.

त्यांच्यासोबत बसून व्हिडिओ पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शिडं चढवणं, लाटा, रात्रीचा पहारा, फाटलेलं शीड शिवणं, हे सगळं काका अंगठ्याने भराभर पुढे ढकलतात. निळ्या खाडीत नांगर पडला, कुणीतरी पाय पाण्यात सोडून बसलं, की थांबतात. मग पुन्हा मागे घेऊन तेवढंच पाहतात.

म्हणून दर्यावर्दींबद्दलची त्यांची मतं जगावेगळी आहेत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिले भारतीय. काकांना अभिमान आहेच. पण, “एवढ्या पृथ्वीला मुक्काम चारच?” ही हळहळही आहे. अभिलाष टॉमी तर त्याच बोटीतून मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परतले. यावर काकांचा प्रश्न साधा आहे : “मग गेले कशाला?”

नांगरशास्त्र मात्र त्यांना मुखोद्गत आहे. पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट साखळी सोडायची, आणि वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते तेवढं रिंगण मोकळं ठेवायचं. या नियमाने ते आपली मारुती दोन गाड्यांची जागा अडवून लावतात.

“काका, वाऱ्याने मारुती फिरत नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“आजवर फिरली नाही म्हणा.”

कपड्यांची दोरीही ते बोलाइन गाठीनेच बांधतात. ही गाठ ताणली तरी सरकत नाही आणि हवी तेव्हा हाताने सुटते, हा तिचा लौकिक. काकूंनी ती कात्रीने सोडवली.

गंगापूर धरणाच्या बोट क्लबला आम्ही त्यांना घेऊन गेलो होतो. काकांनी लाइफ जॅकेटचे पट्टे सगळ्यांच्या आधी आवळले, बोट ओलं करून हवेत धरलं आणि चालवणाऱ्या पोराला विचारलं, “वारा कुठला घेणार?”

“पेट्रोल भरलंय ना काका,” पोरगा म्हणाला.

परवा मुलीने गोव्याहून फोन केला. शिडाची कॅटमरान, दोन दिवस, पैसे तिचे. काकांनी बारकाईने चौकशी केली : रात्री नांगर कुठे, डास असतात का, सकाळी दूध कुठून येतं. मग कॅलेंडर पाहिलं. रविवारी सोसायटीची टाकी धुवायची होती. ते काम दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही.

त्याच आठवड्यात काकूंची भिशी अलिबागला गेली. गेटवे ते मांडवा, कॅटमरानने. काकू वरच्या डेकवर बसल्या, सीगलना शेव घातली, दुसऱ्या दिवशी घरी येऊन कुकर लावला. काका ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

“बुडं किती होती?”

“मी खाली वाकून बघायला गेले नाही.”

“कलत होती का?”

“नाही.”

“बघ! मी काय सांगत होतो?” काका समाधानाने म्हणाले, आणि शेजारच्यांना सांगायला बाहेर पडले.