पेव्हर ब्लॉकवाल्या कंत्राटदारांस जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. कंत्राटदार साहेब,
‘फाटकापासून पोर्चपर्यंतची सर्व कामे वाजवी दरात’

विषय : बंगल्यासमोरची जागा वेळेवर खचवून दिल्याबद्दल.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपलं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. एकाचं लिहिलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल, आणि राज्यात असा तालुका नाही जिथे आपण नाही.

दिवाळीपूर्वी आपण बंगल्यासमोर लाल-करडे पेव्हर बसवून देता. मालक त्यावर नवी गाडी उभी करून फोटो काढतात. श्रावण येईतो त्याच जागी गाडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटलेल्या असतात, ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण आजूबाजूच्या ब्लॉकांपेक्षा वर आलेलं असतं आणि पोर्चच्या पायरीपाशी पाण्याचं तळं साचतं. मालक फोन करतात. आपण सांगता, “ब्लॉकचा लॉट हलका आला साहेब, कंपनीचीच चूक.”

त्या बिचाऱ्या ब्लॉकची बाजू घेणं भाग आहे. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. हलक्या वाहनांच्या जागेसाठी त्यात 60 मिलिमीटर जाडीचा, एम-35 प्रतीचा ब्लॉक सांगितला आहे. घरच्या मोटारीला तो भरपूर झाला. खचलेल्या जागेतला ब्लॉक उचलून पाहिला तर तो बहुतेक वेळा अखंड असतो, त्याची नक्षीही शाबूत असते. तो फुटला नाही, नुसता खाली गेला. कारण त्याच्या खाली आपली खरी कामगिरी आहे.

पाया खणताना जोत्याच्या कडेने चर राहतो. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांसाठी आणखी चर खणले जातात. घर उभं राहिलं की त्या चरांत काय जातं, हे गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना पाठ आहे: विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, आणि वरून सगळं झाकायला माती. एकेकाळी अशा भरावावर माणसं थराथराने धुमस मारत. आता तेच काम करणारं यंत्र भाड्याने मिळतं, पण त्याच्या भाड्यात मालकांना दिसेल असं काही नसतं. म्हणून आपण टँकर मागवता, पाणी सोडता आणि सांगता, “एका पावसात बसेल.”

ही भविष्यवाणी आजवर एकदाही चुकलेली नाही. भराव एका पावसात बसतो, पेव्हरसकट.

लॉस एंजेलिसमध्ये मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने 1933 साली दाखवून दिलं, की कोरडी माती नीट दबत नाही आणि चिखल झालेलीही दबत नाही. मधे कुठेतरी ओलावा असा असतो की तेवढ्याच ठोक्यात माती सर्वांत घट्ट बसते. आयएस 2720च्या सातव्या भागात हा ओलावा शोधण्याची चाचणी आहे. भराव साधारण 150 मिलिमीटरच्या थरांत टाकायचा, बेताचा ओला करायचा, दाबायचा, मग पुढचा थर. टँकरने बुडवलेल्या मीटरभर राडारोड्याला यातलं काहीच लागू होत नाही.

त्यात आपल्याला दख्खनचं सहकार्य आहेच. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, तेव्हा रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला ही माती मानवते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या घरासमोरच्या गाडीला ती वर्षातून दोनदा हलवते. ती काढून मुरूम भरायला पाहिजे हे आपल्याला ठाऊक आहे. कोटेशनमध्ये मात्र ‘लेव्हलिंग करून पेव्हर बसवणे’ एवढी एकच ओळ असते.

उरलेलं काम पाणी बघतं. गच्चीचा पाइप नेमका जोत्यापाशी सोडलेला असतो. ड्रेनेजचा सांधा गळू लागला की बारीक माती त्यात वाहून जाते. वर नक्षी, खाली पोकळी.

पोकळी मोठी असेल तर काय होतं, याचे नमुने सार्वजनिक आहेत. जून 2021मध्ये मुंबईत घाटकोपरच्या एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार नाक खाली करून बघता बघता जमिनीत गडप झाली. खाली जुनी विहीर होती. अर्ध्या भागावर आरसीसी टाकून तिथे गाड्या लावल्या जात होत्या. सप्टेंबर 2024मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक मागच्या बाजूने खड्ड्यात गेला. दोन्ही ठिकाणी माणसं वाचली. ही कामं आपली नव्हेत, पण वरून झाकलं की खालचं मिटलं, ही श्रद्धा तीच.

आता दुरुस्ती. आपण माणूस पाठवता, तो चार ओळी ब्लॉक उचलतो, दोन घमेली कच ओततो, ब्लॉक परत ठोकतो. वेगळं बिल येतं. पेव्हरखालचा वाळूचा थर 20 ते 40 मिलिमीटरचाच हवा; त्याहून जाड केला तर चाकाखाली तोच सरकतो आणि पुढच्या पावसात चाकोरी पुन्हा हजर. गंमत म्हणजे पेव्हर हा नीट दुरुस्तीसाठी सोयीचा प्रकार आहे. काँक्रीट फोडावं लागतं, ब्लॉक नुसते उचलून बाजूला रचता येतात. मग भराव काढा, गळका पाइप बदला, सोलिंग आणि मुरूम थराथराने दाबा, कडेला कर्ब घाला, तेच ब्लॉक परत बसवा. नवे लागतच नाहीत. कदाचित म्हणूनच हा उपाय आपण सुचवत नसाल.

तरी सगळं श्रेय एकट्या आपल्याला देणं बरोबर नाही. चौरस फुटामागे पाच रुपये कमी करून घेणारे, लाल की करडा यावर घरात आठवडाभर चर्चा करणारे आणि खाली काय टाकणार हे एकदाही न विचारणारे मालकही या कामात बरोबरीचे भागीदार आहेत.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
समस्त चाकोरीग्रस्त

प्रत : घरमालकांस. मुरमाच्या थराची जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्या. दबाई चालू असताना तिथे उभे राहा, ब्लॉक पडण्याआधी खालचे फोटो काढा. आणि बिलाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत देऊ नका.