सार्जंटची यादी

सॅन अँटोनिओला राहायला आल्यापासून मी असे तिघे पाहिले. एक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, दुसरा बायकोच्या बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात पहिल्या बाकावर, आणि तिसरा मुलांच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून ॲमिनो ॲसिडं पाठ करणारा. चेहरे तीन, पण केस कापायची तऱ्हा एक, चालायची तऱ्हा एक आणि दर दोन वाक्यांनी 'येस, सर' म्हणायची खोडही एकच. म्हणून तिघांना मिळून मी एकच नाव ठेवलंय: सार्जंट. पुढे जे लिहितोय ते तिघांचं मिळून आहे. कोण कुठला ते शोधत बसू नये.

सार्जंटचं वय तेहतीस. आठ वर्षं अमेरिकन लष्करात मेडिक होता. इथल्याच फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये सोळा आठवडे शिकला आणि अफगाणिस्तानात जाऊन लोकांचे पाय बांधत फिरला. नंतर लष्कर सोडलं, बी.एस्सी. केली, आणि आता डॉक्टर व्हायचं म्हणतो.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून सुटले आणि साताऱ्यात एका सहकारी बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसले. सुटलेल्या फौजीला आमच्याकडे तीनच वाटा माहीत: बँकेचं दार, दूध सोसायटी, आणि पारावर बसून १९६२ साली चीनला कुठे अडवायला हवं होतं ते सांगणं. मुलाला डिफेन्स कोट्यातून मेडिकलला घालायची खटपट पुष्कळजण करतात, पण स्वतःच कॉलेजात जाऊन बसायचं? इथे आमच्याकडे राहायला आलेल्या आईने हे ऐकून पहिला प्रश्न केला, "आणि पेन्शन?" इथे वीस वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नसते, आणि याची आठच झालीत, हे कळल्यावर तिने त्याला त्याच दिवशी जेवायला बोलावलं.

आपल्याकडे 'नीट'चे मार्क आले की प्रश्न निम्मा सुटतो. अमुक मार्कांना अमुक कॉलेज, बाकी नशीब. इथे मार्क आले की प्रश्न सुरू होतो. एमकॅट म्हणजे जेवणाची सुट्टी धरून साडेसात तासांची परीक्षा. तिचे गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत. (कोरा पेपर दिला तरी ४७२! असली दिलदारी पुणे विद्यापीठाने आम्हाला कधी दाखवली नाही.) प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या घरात. सार्जंटला पडले ५०९, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. त्यात टेक्सासमधल्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज एका पोर्टलवर, बाकी देशातल्या एम.डी. कॉलेजांचा दुसऱ्यावर आणि ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे डी.ओ. कॉलेजांचा तिसऱ्यावर. कुठे कुठे अर्ज करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं.

हे 'ज्याचं त्याने' प्रकरणच सार्जंटला जमेना. आठ वर्षं त्याला कागद आला की तो जायचा. कँसस तर कँसस, कंदाहार तर कंदाहार. 'तुला कुठे जायला आवडेल?' असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग अशा माणसाने करावं तेच त्याने केलं: आवडीनिवडीची मोहीम करून टाकली.

एके रविवारी त्याने मला वर बोलावलं. भिंतीवर अमेरिकेचा नकाशा, त्यावर सत्तावीस टाचण्या. लाल म्हणजे पोहोचण्याबाहेर, पिवळी म्हणजे प्रयत्न करू, हिरवी म्हणजे हाती लागेल. हिरव्या दोन होत्या. सल्लागार बाईंनी पंधरा-वीस पुरेत म्हटलं असताना सत्तावीस कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "फौजेत दोन असले तर एक धरायचा आणि एक असला तर शून्य." या हिशेबाने त्याची साडेतेरा कॉलेजं होत होती. मी बोललो नाही.

मग एक्सेलचा तक्ता उघडला. रकाने इतके, की शेवटचा बघेपर्यंत पहिल्यात काय होतं ते विसरावं. जी.आय. बिल म्हणजे सुटलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायची योजना. तिचे छत्तीस महिने मिळतात. त्यातले सत्तावीस बी.एस्सी.त उडाले, राहिले नऊ, म्हणजे डॉक्टरकीचं जेमतेम एक वर्ष. खाजगी कॉलेजात हे बिल वर्षाला तीस हजार डॉलरच्या आसपास जाऊन थांबतं, आणि फी त्याच्या दुप्पट. मधली दरी बुजवायला 'यलो रिबन' नावाची योजना, पण तीत कॉलेज किती जणांना घेणार आणि किती पैसे घालणार हे ज्या त्या कॉलेजाच्या मर्जीवर. त्याचे दोन रकाने. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत मात्र हेझलवूड कायदा: माजी सैनिकाला दीडशे क्रेडिटपर्यंत ट्यूशन फी माफ. आणि स्वतः वापरले नाहीत तर ते मुलांच्या नावे करता येतात. हे सांगताना त्याने त्या रकान्याला हात लावला नाही, नुसती मान हलवली. सहा वर्षांची मुलगी आहे त्याला. आईबापांचं फाटलंय, एकाआड एक शनिवार-रविवार ती याच्याकडे असते.

मेरीलँडमधलं लष्कराचं स्वतःचं वैद्यकीय विद्यापीठ तक्त्यात का नाही, हा माझा पुढचा प्रश्न. तिथे फी शून्य, वर लेफ्टनंटचा पगार, आणि बदल्यात सात वर्षं नोकरी. आपल्या पुण्याच्या ए.एफ.एम.सी.ची आठवण होऊन मी जरा उत्साहानेच विचारलं होतं. सार्जंटने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याच्या ताटात पाय घातला.

"सेकंड लेफ्टनंट?" तो म्हणाला. "आठ वर्षं मी सेकंड लेफ्टनंटांच्या हातातला नकाशा सुलटा करून दिलाय."

दुसरा सल्ला त्याला येताजाता मिळतो: फिजिशियन असिस्टंट हो की! त्यात तथ्य आहे. तो पेशाच मुळी अशा लोकांतून निघाला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग भरवला तो नौदलातून सुटलेल्या चार मेडिकांना घेऊन. सार्जंटला हे सगळं पाठ आहे. तो शांतपणे ऐकून घेतो, 'येस, सर' म्हणतो आणि सत्ताविसातला एकही कमी करत नाही.

खरी खडाजंगी निबंधांत झाली. मुख्य निबंध ५३०० अक्षरांचा, मोकळ्या जागा धरून. त्यानंतर प्रत्येक कॉलेज आपापली वेगळी फी घेऊन आपापले वेगळे प्रश्न पाठवतं. एका कॉलेजाने विचारलं, तुमच्यावर आलेल्या संकटाबद्दल लिहा. एकवीस वर्षांची पोरं यावर झकास लिहितात. प्रयोगशाळेतला फ्रीज रात्री बंद पडला, नमुने वितळले, मी कोसळले, मी सावरले. सार्जंट तीन रात्री बसला आणि दीड ओळ लिहून खाली आला: 'तिथे एकदा नऊ दिवस कॉफी नव्हती. आम्ही निभावून नेलं.'

"बाकीचं?" बायकोने विचारलं.

"बाकीचं कामच होतं, मॅम."

आणि हे 'आम्ही'! पानभर मजकुरात एक 'मी' सापडेना. आम्ही रक्तस्राव थांबवला, आम्ही हेलिकॉप्टर बोलावलं, आम्ही त्याला धरून बसलो. बायकोने लाल पेनाने प्रत्येक 'आम्ही'ला गोल केला आणि समोर लिहिलं, 'कोण?' दुसऱ्या दिवशी कागद परत आला. प्रत्येक गोलासमोर त्याने प्रामाणिकपणे त्या त्या माणसांची आडनावं लिहिली होती. त्यात स्वतःचं नव्हतं.

अठराव्या वर्षी, भरती होण्याआधी, एका कम्युनिटी कॉलेजात त्याने तीन विषयांत सपशेल आपटी खाल्ली होती. पंधरा वर्षांपूर्वीचे ते तीन 'एफ' राष्ट्रीय पोर्टल अजून मोजतं. टेक्सासमध्ये मात्र दहा वर्षांपलीकडचं शिक्षण पुसून टाकायचा अर्ज करता येतो, फक्त मग त्यातलं बरं-वाईट सगळंच जातं. आठवडाभर त्याचा जीव खालीवर. तोफखाना बरा, असं मला एकदा म्हणाला. शेवटी पुसलं. त्यात एक इतिहासाचा 'ए' होता, तोही गेला. त्या 'ए'चं त्याला अजून वाईट वाटतं.

मुलाखती पडद्यावर. आठ-आठ मिनिटांच्या खोल्या, प्रत्येकीत एक पेच. 'तुमचा वर्गमित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला, तर काय कराल?' बाकीचे उमेदवार आधी दोन्ही बाजू मांडतात, मग तिसरी काढतात. सार्जंटने वीस सेकंदांत उत्तर दिलं, "त्याच्याशी बोलेन, मग वर कळवीन, मॅम," आणि उरलेली साडेसात मिनिटं पाठ ताठ ठेवून कॅमेऱ्याकडे बघत बसला. समोरच्या प्रोफेसरबाईच अस्वस्थ होऊन आपल्या कॉलेजाची माहिती सांगू लागल्या म्हणे.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत सत्तावीस टाचण्यांच्या चार उरल्या. चारही टेक्सासच्या: इथली, ह्यूस्टनची, गॅल्व्हेस्टनची आणि लबकची. आता पोर्टलवर पसंतीक्रम द्यायचा. कॉलेजंही आपली यादी देतात आणि संगणक जोड्या लावतो. एवढ्या मोहिमेनंतर चार नावं एकाखाली एक लिहायची, आणि हा गडी अडला तो तिथेच. तक्ता घेऊन खाली आला. मी पाहत होतो. शेवटून दुसरा रकाना मला आधी कधी दिसला नव्हता. डोक्यावर नाव नाही, फक्त आकडे. लबकपुढे ३६०, गॅल्व्हेस्टनपुढे २४०, ह्यूस्टनपुढे २००, इथल्यापुढे १८.

"हे काय? एमकॅटचं काही?"

"मिनिटं," तो म्हणाला, आणि माऊस दुसरीकडे नेला.

आई कोथिंबीर निवडत होती. तिने विचारलं, "काय अडलंय सारजंटाचं?" मी सांगितलं, चार गावं आहेत, कुठलं आधी लिहायचं ते ठरत नाही. आईने वडिलांमागे अंबाला, जबलपूर, बेळगाव अशी बिऱ्हाडं हलवलेली. तिने डोकं वर न काढता विचारलं, "पाणी कसंय तिथलं?"

मी भाषांतर केलं. सार्जंट हसेल असं वाटलं होतं. त्याने खिशातली वही काढली, लिहून घेतलं, 'येस, मॅम' म्हणाला आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्ता आला, शेवटी नवा रकाना: पाणी. चारही गावांपुढे काही ना काही भरलेलं. सॅन अँटोनिओचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, इथे नळाच्या तोटीवर महिन्याभरात पांढरा थर बसतो. त्याच्यापुढे लाल अक्षरांत 'फार जड', खाली दोन रेघा. आणि पसंतीक्रमात तेच पहिलं.

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग उकळून पी म्हणावं."

सार्जंटने लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि लाल अक्षरांपुढे लिहिलं : 'उकळून.'