घोटीला जहाज लागलं!

"ऐकलंस का गं? वहिनींच्या माडीवर जहाज हाये म्हणं. साडेचार फुटी!"

आक्कांनी बातमी फोडली ती तारेच्या कुंपणावर गोधडी टाकता टाकता. पावसानं उघडीप दिली की आमच्या आळीत आधी गोधड्या बाहेर येतात, मग बातम्या. आता घोटी म्हणजे भाताचं गाव. कसारा घाट उतरून मुंबई गाठल्याशिवाय समुद्र दिसायचा नाही. तिथं जहाज कुठून आलं?

"टायटॅनिक हाये. शिनेमातली. वहिनींच्या धाकट्यानं प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून बांधली. ठोकळे किती? नऊ हजार नव्वद!"

भाताचा भाव आणि शेजाऱ्याचा खर्च, या दोन बाबतींत आक्कांचा आकडा चुकत नाही. मी घरात येऊन ताडून पाहिला. लेगो कंपनीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या या टायटॅनिकचे ठोकळे खरंच ९,०९० आहेत.

"अन् खोक्याची किंमत पाच आकडी! एवढ्यात आमची आवणी निघाली असती."

तेवढ्यात वहिनीच दारात आल्या. "बोला, बोला. माझंच चाललंय ना?"

"तुझं नाही बाई, तुझ्या लेकाचं," आक्का म्हणाल्या. आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धत आहे. मागून बोलायला कुंपण कशाला लागतं?

वहिनी सरळ कुंपणाला टेकल्या. "रात्री मोबाईल घेऊन लोळण्यापेक्षा बरं नाही का आक्का? कंपनीचं काम आटोपलं की बसायचा. खोक्यातनं तीन जाड पुस्तकं निघाली, चित्रंच चित्रं. पिशव्यांवर आकडे. एक पिशवी फोडायची, माझ्या परातीत ओतायची, ती संपली की पुढची. जहाज होईस्तोवर मी ताटात पीठ मळलं."

"अन् ठेवलंय कुठं?"

"पत्र्याच्या पेटीवर. दुसरीकडं मावतंय कुठं? गिरणीचा कोंडा उडून बसतो, म्हणून रोज रंगाच्या ब्रशनं झाडतो. स्वतःची खोली कधी झाडली नाही!"

मिस्त्रीनाना कामावर निघाले होते, तेही थांबले. नानांनी आळीतली निम्मी घरं बांधलीत, त्यामुळं बांधकामाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा.

"मी पाहून आलोय. काम पक्कं हाये," नाना म्हणाले. "सांध्यावर सांधा कुठं येऊ दिला नाही, आपल्या विटेवाणी. सिमेंट नाही, डिंक नाही. वर गुंड्या, खाली पोटात नळ्या. गुंडी नळीत बसली की पकड घेते. मला आवडलं ते बाजूचं काम. आत तुळयांचा सांगाडा, अन् त्याच्यावर काळे-तांबडे ठोकळे आडवे फिरवून बसवलेत. गुंड्या आत, सपाट बाजू बाहेर. गिलावा न करता भिंत गुळगुळीत!"

नानांनी बघून ओळखलेली ही गुंडी-नळीची युक्ती डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. लेगोनं तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, इतकं माप सांभाळलंय.

धाकटा खिडकीत उभा राहून ऐकतच होता. आता त्याला राहवेना. टायटॅनिक २६९ मीटरची, हिचं प्रमाण एकास दोनशे, म्हणून लांबी १३५ सेंटिमीटर. जहाज तीन ठिकाणी सुटं होतं, त्यामुळं आतला मोठा जिना आणि बॉयलरची खोली दिसते, शिवाय माडीवरून खाली आणायचीही सोय. मागचे पंखे फिरवले की आतल्या इंजिनाचे दट्टे खालीवर होतात. आणि धुराडी चार, पण धूर सोडायची तीनच. चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला आणि रुबाबाला.

"म्हंजे तेव्हापासनं दिखावा हायेच," आक्का म्हणाल्या. "पण का रं, असले उद्योग करणारा तू एकटाच का?"

"नाही आक्का. आइसलंडमध्ये ब्रिन्यार कार्ल म्हणून दहा वर्षांचा मुलगा होता, स्वमग्न. त्यानं ५६ हजार ठोकळ्यांची टायटॅनिक बांधली, जवळजवळ आठ मीटर लांब. अकरा महिने लागले. पुस्तक नाही, खोकं नाही. आजोबा इंजिनिअर, त्यांनी नकाशावरून हिशेब करून दिला."

दहा वर्षांचं पोर म्हटल्यावर आक्का जरा नरमल्या, पण खरी शंका पोटात होतीच. "तरी बुडालेलं जहाज घरात ठेवू नये बाबा. पंधराशे माणूस गेलं ना त्यात?"

"१५ एप्रिल १९१२," धाकटा म्हणाला.

"मग आपल्या वैतरणेचं काय करायचं?" मी मध्ये पडले. घोटीपासून वैतरणेचं धरण जवळ, त्र्यंबकच्या डोंगरातली ही नदी. 'वैतरणा' याच नावाची आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून जास्त माणसं होती, एकही वाचलं नाही. टायटॅनिकच्या चोवीस वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणून कोणी धरणाचं पाणी प्यायचं सोडलं नाही.

"अन् आक्का, टायटॅनिक जिथं बांधली ना, तिथूनच आपली विक्रांत आली," धाकट्यानं हुकमाचा पत्ता टाकला. विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला टाइन नदीवर बांधायला घेतलेली, अर्धवट राहिलेली. भारतानं १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या गोदीत पुरी करून घेतली. टायटॅनिक याच कंपनीची. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते विक्रांत नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार हाणलं.

"विक्रांत? जावयाच्या फटफटीत आहे ती!" आक्का एकदम सरसावल्या. खरंच आहे. विक्रांतच्या पोलादाचा अंश असलेली बजाजची व्ही-१५ ही मोटारसायकल २०१६ मध्ये निघाली, आणि आक्कांच्या जावयानं ती घेतली होती.

"पण अख्खी बोट मोडली कशाला?" नानांनी विचारलं. बांधणाऱ्या माणसाला हाच प्रश्न पडणार.

१९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं. जुनं पोलाद सांभाळायचा खर्च कोणी उचलेना. शेवटी लिलाव झाला आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्याच दारूखान्यात तिची मोडतोड सुरू झाली. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झाली, ती २६२ मीटरची, म्हणजे टायटॅनिकपेक्षा सात मीटरच कमी. पण जुनी गेली ती गेलीच.

माझं म्हणणं त्यामुळं आक्कांपेक्षा वेगळं आहे. पोरानं पैसे खेळण्यावर घातले याचं मला काही वाटत नाही. परदेशी टायटॅनिक आमच्या आळीत खोक्यातून येते आणि मुंबईच्या बंदरात उभी असलेली आपली बोट पोरांना दाखवायला उरली नाही, हे मला लागतं.

तेव्हा ज्यांच्या घरी लेगोचे सुटे ठोकळे डब्यात पडून असतील, त्यांनी यंदा दिवाळीच्या किल्ल्याशेजारी पोरांकडून जुनी विक्रांत बांधून घ्यावी. बोट २१३ मीटरची होती, तेव्हा एकास दोनशे प्रमाणानं लांबी १०७ सेंटिमीटर धरा. रंग करडा. १९७१ सालची बांधणार असाल तर पुढचं टोक सपाट ठेवा, विमानांना उडी घ्यायचा चढ तिला १९८० नंतर बसवला. ठोकळे कमी पडले तर शेजाऱ्यांकडे मागा, कुंपण त्यासाठीच असतं.