मौद्यात बस येईल

नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्याने निघालं की कन्हानचा पूल ओलांडताच मौदा लागतं. तालुका धानाचा, पण शेजारी एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. त्याला पाणी गोसीखुर्दचं आणि माणसं अख्ख्या देशाची. ही सगळी माणसं थांब्याजवळच्या टपरीवर मराठी बोलतात, आणि तिथे आपल्या व्याकरणाचा बॉयलर तापतो.

गोरखपूरचा ट्रकवाला सर्वांत निर्धास्त. हिंदीत दोनच लिंगं, त्यामुळे नपुंसकलिंगाची त्याने कधी विचारपूसच केलेली नाही. ‘पाणी आला, दही संपला, घर राहिला लांब.’ चुकतो तोही हुकूम सोडल्यासारखा. विजयवाड्याच्या इंजिनिअरची वाटणी निराळी. तेलुगूत एकवचनात पुरुष एकीकडे. बाई, बैल आणि बॉयलर दुसरीकडे. म्हणून साहेब तेवढा ‘आला’, बाकी बैलासकट सारं ‘आली’!

सुरतचा कापडवाला मात्र घर, पाणी, दही तिन्ही अचूक नपुंसकात टाकतो. गुजरातीतही ती तशीच आहेत. डच नामांची लिंगं शिकणाऱ्यांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजीभाषकांपेक्षा फ्रेंच-स्पॅनिशसारख्या भाषांचे लोक पुढे आणि जर्मन सगळ्यांच्या पुढे निघाले. घरच्या भाषेत लिंगं असून भागत नाही, ती नव्या भाषेच्या लिंगांशी जुळावीही लागतात. संशोधकांनी उगाच एवढे कष्ट घेतले, मौद्याला यायचं.

तरी हाच कापडवाला ‘चहा आली’ म्हणाला तेव्हा माझ्यातला पुणेकर जागा झाला. ‘चहा आला,’ मी म्हणालो. टपरीवाल्या काकूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘तुमच्या पुण्यात येत असन चहा. आमच्या इथं चाय येते, भाऊ.’ कापडवाल्याने बशीत ओतून विजयाचा घोट घेतला.

खरा हुशार दुर्गापूरचा फिटर. बंगालीत नामाला लिंगच नाही. त्यामुळे भाकरी बाई की बुवा, हे ठरवायचं तरी कशावरून? त्याने मराठीतली पळवाट हेरली आहे. ‘आला-आली-आलं’ची कटकट भूतकाळात, भविष्यकाळात सगळ्यांना एकच ‘येईल’. हिंदीत ही सोय नाही, तिथे ‘आएगा-आएगी’ मानगुटीवर असतंच. म्हणून हा गडी भूतकाळात पाऊलच टाकत नाही. पगार झाला असला तरी ‘पगार होईल’, जेवण उरकलं असलं तरी ‘जेवण होईल’.

मी विचारलं, ‘नागपूरची बस गेली का हो?’

‘बस गेली,’ ट्रकवाला म्हणाला.

‘बस येईल, दादा,’ फिटर म्हणाला.

पाणी, दही आणि घर एका दमात चुकवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? ‘बस’ हिंदीतही स्त्रीलिंगी, हे माझ्या डोक्यात आलं तोवर मी दुसरी चाय मागवली होती, आणि बस पूल ओलांडून नागपूरच्या वाटेला लागली होती.