आकडा आणि आघाडा

डिंडोलीला आमच्या सोसायटीमागे एक रिकामा प्लॉट आहे. रिकामा म्हणजे बिल्डरच्या कागदावर. प्रत्यक्षात तिथे विटांचे तुकडे, लूमच्या सुताचे गुंते आणि पाऊस लागला की पोटरीभर रान.

एका शनिवारी शेजारचे काका लगबगीने निघाले. कुठे, तर ‘आकडो लेवा’. सुरतेत अर्धं आयुष्य गेलं तरी माझं डोकं मराठीतच चालतं. म्हटलं, या वयात काका मटक्याच्या नादी लागले! दहा मिनिटांत ते प्लॉटवरून रुईची फुलं घेऊन परतले. हनुमानाला माळ करायची होती. आपली रुई तो त्यांचा आकडो. मारुतीची अर्थातच दोन्हींना हरकत नाही.

आई अमळनेरकडची. गॅलरीतून वाकून एकदम ओरडली, ‘‘अरे, हाऊ तरोटा शे!’’ तरोटा म्हणजे टाकळा. त्या रात्री लसूण-मिरचीवर परतलेली कडसर भाजी मुलीने तोंड वाकडं करून खाल्ली, आईने दोनदा वाढून घेतली.

पण सोसायटीला रान म्हणजे मच्छर. वर्गणी काढून जेसीबी लावला, प्लॉट उघडाबोडका केला. आई म्हणाली, ‘‘चला, नांगरट झाली.’’ तिचंच खरं ठरलं. तणांचं बी मातीत वर्षानुवर्षं दबून राहतं. माती उलथली, जरा उजेड लागला की अंकुरतं. पुढच्या पावसाळ्यात दुप्पट रान, वर गाजरगवत फुकट. हे मूळचं अमेरिकेचं, १९५५च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेत भरलं, आणि आता हाकललं तरी जात नाही. पेरणीचा खर्च आम्हीच केला होता, पावतीसकट.

गणेश चतुर्थीला मी बाजारातून पत्रीची जुडी विकत आणली. आईने ती सोडली, त्यातला आघाडा उचलून माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बोलली काही नाही.

दिवाळीला गावी निघालो. प्लॉटमधून रिक्षासाठी आडवाटेने गेलो, तेवढ्यात आघाड्याने पँट धरली. त्याचं बी तुऱ्यावर उलटं, टोक खाली करून बसतं. आपण घासून गेलो की अलगद सोबत येतं, उपटायला जावं तर बोटाला टोचतं. उधन्याहून भुसावळ लाइनची गाडी सुटली, खिडकी मिळाली. नंदुरबार गेल्यावर पाय वर घेऊन एकेक बी काढत बसलो. डब्यात कशाला कचरा, म्हणून खिडकीबाहेर टाकत गेलो.