उकिरड्याला मीटर

घरच्या ओल्या कचऱ्यातून घरची वीज, ही कल्पना फिरत फिरत आता कर्नाटकातल्या भालकी-औरादकडे आली आहे. योजनेच्या सभेचा फलक कन्नडमध्ये, साहेबांचं भाषण हिंदीत, टाळ्या तेवढ्या मराठीत. साहेबांनी विचारलं, “रोजचा ओला कचरा कुठे टाकता?” बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भाजीचे देठ शेळीला, शिळी भाकर म्हशीला, म्हशीच्या शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांची राख भांडी घासायला. वेळ अमावस्येची भज्जी उरलीच, तर दुसऱ्या दिवशी ती अजून चवीची लागते. तुराट्या चुलीत नाहीतर कुडाला. बाकी सगळं उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात रानात.

म्हणजे कचराच नाही! साहेब हिरमुसले. उद्दिष्ट गाठायचं तर आता आधी कचरानिर्मिती योजना आणावी लागणार. अनुदानासह.

तरी धरून चालू, घरात रोज किलोभर ओला कचरा निघतो. त्यातून साधारण शंभर लिटर गॅस. तो छोट्या जनरेटरला पाजला की वीज मिळते जेमतेम 0.15 युनिट. साडेसातशे वॉटचा मिक्सर त्यावर बारा मिनिटं फिरेल. शेंगदाण्याची चटणी वाटून झाली की घरात अंधार. पोळ्याला मिरवणाऱ्या देवणी जनावरांना कामाला लावा म्हणाल, तर पंचवीस किलो शेणातून एक घनमीटर गॅस आणि दीड युनिट वीज. एवढं शेण दोन-तीन जनावरांचं, आणि रोज तितकंच पाणी घालून कालवायचं. बाईनंच, हे ओघानं आलं.

आणि हे सगळं कशासाठी? कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती ही मोफत विजेची योजना आहे. योजनेआधीच्या वर्षाची महिन्याची सरासरी, वर थोडी भर, कमाल 200 युनिट. तेवढ्यात राहिलात तर जेस्कॉम या वीज कंपनीचं बिल शून्य. ज्यानं आधी भरपूर वीज जाळली त्याला भरपूर फुकट, काटकसर करणाऱ्याला बेताची. अशा राज्यात दीड युनिटासाठी शेणात हात घालणाऱ्याचा खरं तर सत्कारच करायला हवा.

शास्त्र खोटं नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मैल्याच्या गॅसवर इंजिन चाललं होतं. साखर कारखाने चिपाडावर वीज करतात, पण तिथे चिपाडाचे डोंगर असतात. घरगुती इंजिनात गॅसमधली पाऊण उष्णता वाया जाते, वर त्यातला गंधकाचा वायू इंजिन खातो. तोच गॅस शेगडीला दिला तर निम्मी उष्णता भांड्याला लागते आणि धुरानं कुणाचे डोळे जात नाहीत.

तेव्हा साहेब, जनरेटर परत न्या. त्या पैशात गावातल्या बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या दुरुस्त करून द्या, आणि पुढच्या सभेचा फलक मराठीतही लावा.